बिऱ्हाड चार चाकांवर

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजलिसजवळच्या डोंगरांना वणवा लागला आणि मालिबूच्या बाजूची घरंच्या घरं जळून गेली. त्या राखेच्या ढिगांत उभ्या असलेल्या एका जुन्या निळ्या गाडीचं छायाचित्र तेव्हा जगभर पोहोचलं. गाडी होती १९७७ सालची फोक्सवॅगन व्हॅन. आजूबाजूची घरं कोसळलेली आणि ही मात्र चाकांवर उभी. ज्यांची घरं गेली त्यांचं दुःख एका गाडीनं हलकं होणार नव्हतं, तरीही कितीतरी अनोळखी माणसांना ते चित्र पाहून बरं वाटलं. तिच्या जागी एखादी नवी महागडी मोटार वाचली असती, तर लोकांनी तिची एवढ्या आपुलकीनं विचारपूस केली असती का? मला नाही वाटत. या गाडीत एवढं काय आहे, ते समजायचं तर तिचा इतिहास पाहायला हवा.

दिसायला ही गाडी म्हणजे पत्र्याचा एक गुबगुबीत डबा. पुढे बॉनेट नाही, इंजिन मागच्या बाजूला. दोन गोल दिवे, बहुधा दोन रंग. प्रवासासाठी सजवलेली असेल, तर आत बसण्याचं बाक उलगडून पलंग होतो. एक छोटं कपाट, घडीचं टेबल, पाण्याची टाकी, शेगडी. काहींचं छप्परही वर उचलता येतं, म्हणजे आत ताठ उभं राहता येतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो. हे बिऱ्हाड चार चाकांवर आहे इतकंच.

पण ही गाडी सहलीसाठी जन्माला आली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतला वोल्फ्सबुर्गचा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता. तिथे सामान हलवायला कामगारांनी बीटल मोटारीच्या सुट्या भागांतून एक सपाट गाडा तयार केला होता. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्यानं तो पाहिला आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एक चित्र काढलं: चाकांवर एक पेटी, चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, आणि मधल्या मोकळ्या जागेत माल. रेघा मोजून दहा-पंधरा असतील. पण त्यात हिशोब पक्का होता. पुढे माणसाचा भार, मागे इंजिनाचा आणि मालाचं वजन दोन्ही आसांच्या मधोमध. ८ मार्च १९५० रोजी गाडीचं नियमित उत्पादन सुरू झालं. इंजिनाची ताकद होती जेमतेम २५ अश्वशक्ती.

याच कारखान्याची आधीची गोष्टही सांगायला हवी. नाझी राजवटीनं १९३८ मध्ये त्याची पायाभरणी केली. युद्धाच्या काळात तिथे सुमारे २०,००० माणसांना सक्तीनं राबवलं गेलं. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतून आणलेले कैदी होते. ज्या गाडीवर पुढे तरुण मुलांनी शांततेची चिन्हं रंगवली, ती या कारखान्यातून आली. या माणसांचं स्मरण म्हणून १९९९ मध्ये कारखान्यातल्याच बॉम्बहल्ल्यापासून बचावाच्या एका तळघरात कायमचं प्रदर्शन उघडलं गेलं. जुन्या गाडीचं कौतुक करताना ते तळघर विसरू नये, असं मला वाटतं.

मालाच्या गाडीचं घर झालं ते १९५१ मध्ये. वीडनब्रुक गावात वेस्टफालिया नावाची कंपनी होती. १८४४ पासून घोडागाड्या, बग्ग्या करणारं हे घराणं. त्यांनी एक ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. बाक, पलंग, कपाट असं सगळं एकत्र बसवलेलं आणि हवं तेव्हा काढून ठेवता येणारं. सुतार किंवा बेकरीवाला आठवडाभर याच गाडीतून माल पोहोचवी आणि रविवारी तीत हे सामान बसवून बायकामुलांना घेऊन तळ्याकाठी जाई. युद्धात होरपळलेल्या देशात दोन गाड्या कोणाला परवडणार? या गाडीच्या आकर्षणाचं मूळ मला या काटकसरीत दिसतं. थोडक्या जागेत नीटनेटका संसार मांडण्याची ही हौस आपल्या चाळीतल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

याच वंशावळीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीनं १९४९ मध्ये ‘मॅटाडोर’ नावाची छोटी मालगाडी काढली, आणि तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. त्या टेम्पो कंपनीशी करार करून पुण्याच्या बजाज टेम्पोनं आपल्याकडे तीनचाकी गाड्या आणि पुढे मॅटाडोर बनवली. आपली मॅटाडोर नंतरच्या पिढीची, इंजिनही वेगळं. पण घरसामान हलवताना आपण ‘टेम्पो सांगितला’ म्हणतो, तो शब्द त्या जर्मन कंपनीच्या नावावरून आला.

अमेरिकेत या गाडीच्या नशिबाला कलाटणी दिली ती कोंबड्यांनी. अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपच्या बाजारात येऊ लागली, तेव्हा १९६२ मध्ये युरोपीय देशांनी तिच्यावर जबर कर लावला. वाटाघाटी फिसकटल्या. उत्तरादाखल अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बाहेरून येणाऱ्या बटाट्याच्या स्टार्चवर, डेक्स्ट्रिनवर, ब्रँडीवर आणि मालवाहू गाड्यांवर २५ टक्के कर बसवला. फोक्सवॅगनच्या मालवाहू व्हॅनचा अमेरिकेतला धंदा त्यामुळे बसला. मात्र ज्यांना खिडक्या आणि माणसांची आसनं होती, त्या प्रवासी गाडी म्हणून या करातून सुटल्या. अमेरिकेच्या आठवणीत ही गाडी मालाची न राहता माणसांची राहिली, त्याचं एक कारण हा कर असावा, असं मला वाटतं.

मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या आणि विद्यार्थी, कलावंत, भटके यांच्या हाती आल्या. बॉब हायरॉनिमस या चित्रकारानं रंगवलेली ‘लाइट’ नावाची व्हॅन ऑगस्ट १९६९ च्या वूडस्टॉक संगीत महोत्सवात गाजली. एवढी प्रसिद्ध गाडी, पण पुढे तिचा ठावठिकाणा लागला नाही. २०१९ मध्ये महोत्सवाच्या पन्नाशीला दुसऱ्या एका जुन्या व्हॅनवर तिची प्रतिकृती रंगवावी लागली.

तिच्याहून मला मोलाची वाटते ती दक्षिण कॅरोलिनातल्या जॉन्स बेटावरची एक व्हॅन. ती ईसॉ जेन्किन्स या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याची. ते बेटावरच्या मुलांना शाळेत आणि मजुरांना चार्ल्स्टन शहरात कामावर नेत. पूर्वीच्या आपल्या बसमध्ये जाता-येता ते उतारूंना राज्यघटनेतले उतारे वाचायला शिकवीत, कारण तिथे कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नाव नोंदवायला वाचनाची परीक्षा द्यावी लागे. प्रेमानं प्रगती होते आणि द्वेष महागात पडतो, अशा अर्थाची ओळ त्यांनी व्हॅनच्या मागच्या दारावर लिहिली होती. आज ते गंजलेलं दार वॉशिंग्टनला आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याला नवा रंग दिला असता, तर ते चकचकीत झालं असतं. पण मग त्यात पाहण्यासारखं काय उरलं असतं?

याच काळात अशा व्हॅन युरोपातून निघून इस्तंबूल, तेहरान, काबूल, पेशावर, लाहोर असं करत दिल्लीला आणि तिथून काठमांडूला किंवा गोव्याला येत. माझं बालपण म्हापशाचं. हणजुण्याकडे जाणाऱ्या एका व्हॅनचं इंजिन आमच्या घराजवळ बंद पडलेलं मला आठवतं. आमच्या वाड्यावरचे मेस्त पाण्याची बादली घेऊन धावले आणि पुढच्या बाजूला रेडिएटर शोधू लागले. गोऱ्या मुलानं हसत मागचं झाकण उघडून दाखवलं. इंजिन हवेनं थंड होणारं, पाणी लागतच नाही. मेस्त वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “हे बरं आहे रे, सगळं हाताला लागतं.” अर्ध्या तासात गाडी सुरू झाली. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तो रस्ता बंद झाला. ज्या रस्त्यानं पोरंटोरं म्हातारी गाडी घेऊन आली, त्या रस्त्यानं तसं जाणं पुढच्या पिढ्यांच्या नशिबी नव्हतं.

गाडीत दोष नव्हते असं नाही. चढावर ती धापा टाकते, जोराचा वारा आला की हेलकावते. चालकाच्या गुडघ्यांपुढे फक्त पत्रा. ब्राझीलमध्ये १९५७ पासून ती बनत होती. २०१४ पासून तिथे नव्या मोटारींना एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, तशी २०१३ च्या अखेरीस तीही थांबली.

आता ज्या उरल्या, त्यांना जपणं हे चिकाटीचं काम आहे. गंज तळाच्या पत्र्यात, चाकांच्या कमानींत, खिडक्यांच्या रबराखाली लपून बसतो. काहीजण गाडी पार सोलून नव्यासारखी करतात. काहीजण उडालेला रंग तसाच ठेवून फक्त गंज थोपवतात. मला दुसरी रीत पटते. बाजार मात्र पहिलीला भाव देतो. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात १९६३ सालची, २३ खिडक्यांची व्हॅन दोन लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. जिची ख्याती स्वस्ताईवर उभी राहिली, ती आता श्रीमंतांच्या बंद गॅरेजात झाकून ठेवली जाते. अशानं गाडी वाचते, पण तिचा धर्म वाचत नाही.

म्हणून चांगली जपलेली व्हॅन कोणती, असं कोणी विचारलं तर मी रंगाकडे पाहणार नाही. ती अजून रस्त्यावर निघते का, तिचं झाकण उघडून एखाद्या मुलाला इंजिन दाखवलं जातं का, तिच्या बाकावर चार माणसं बसून चहा पितात का, हे मी पाहीन. आणि तिच्या धन्याला त्या दहा-पंधरा रेघांच्या चित्राइतकीच वोल्फ्सबुर्गच्या तळघराचीही गोष्ट ठाऊक असेल, तर ती गाडी खऱ्या अर्थानं जपली गेली असं मी म्हणेन.