विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक: एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना:
विशेष शिक्षणाच्या इतिहासात शाळा, शिक्षक व शासन यांचा विचार प्रामुख्याने होतो. पालकांचा उल्लेख बहुधा 'लाभार्थी' म्हणून येतो. महाराष्ट्राच्या संदर्भात ही मांडणी अपुरी ठरते.

पालकांचा पुढाकार:
जय वकील यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलीच्या माता मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन केली. दोन्ही संस्थांचे मूळ शासकीय धोरणात नव्हे, तर घरातील गरजेत होते. अर्थात शाळा उभारणे साधनसंपन्न पालकांनाच शक्य होते.

नागपूरची वाट:
नागपुरात हा आधार समाजसेवी संस्थेतून मिळाला. कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघाची स्थापना केली. प्रसूतिसेवेपासून सुरू झालेले हे कार्य पुढे 'नंदनवन' या, त्या काळच्या संज्ञेनुसार 'मतिमंद' मुलांच्या शाळेपर्यंत विस्तारले. शाळा काढण्याची ऐपत नसलेल्या मातापित्यांच्या दृष्टीने अशा संस्थेचे महत्त्व विशेष आहे.

कायद्याची दखल:
१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली. परंतु 'आपल्या माघारी मुलाचे काय?' हा पालकांचा प्रश्न शाळेने सुटणारा नव्हता. त्याच वर्षी पालक संघटनांचा 'परिवार' हा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याची व्यवस्था केली आणि न्यासाच्या मंडळावर पालक संघटनांना स्थान दिले. पालकाला निर्णयप्रक्रियेत मिळालेली ही अधिकृत जागा होय.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र ही तरतूद शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत आहे. मुलाच्या शिक्षणाला हक्काचे बळ मिळाले, तर घरातील अहोरात्र सेवेचे मोल अंदाजपत्रकावर सोपविले गेले.

निष्कर्ष:
पालकांनी प्रथम शाळा उभारल्या, नंतर संघटना बांधल्या व अखेरीस कायद्यात स्थान मिळविले. परंतु ज्यांना यांपैकी काहीच करणे शक्य नव्हते, अशा पालकांचा भार आजही मुख्यतः कुटुंबावरच, त्यातही मातेवर, आहे. म्हणून मुलाच्या शिक्षणाबरोबर पालकाचे मार्गदर्शन, विश्रांती व आर्थिक आधार यांनाही हक्काचे स्वरूप मिळणे आवश्यक ठरते.