सूर्याचा कोप आणि चंद्राची वाट

दाट वातावरण व चुंबकीय क्षेत्र हीं पृथ्वीचीं दोन कवचें होत. १९१२ सालीं व्हिक्टर हेस ह्यांनीं बलूनमधून पांच हजार मीटरांहून उंच जाऊन, तेथें किरणोत्सर्ग जमिनीपेक्षां अधिक असल्याचें दाखविलें. १९५८ सालीं एक्स्प्लोरर उपग्रहांच्या साह्यानें व्हॅन ॲलन ह्यांनीं पृथ्वीभोंवतींचे किरणोत्सर्गाचे पट्टे शोधून काढले. अपोलोचे प्रवासी हे पट्टे त्वरेनें ओलांडीत. वेग हेंच त्यांचें मुख्य संरक्षण होतें.

परंतु सौर वादळापुढें वेगाचा काय पाड? १९७२ च्या एप्रिलमध्यें अपोलो-१६ परतलें, डिसेंबरमध्यें अपोलो-१७ निघालें. आणि मधल्या ऑगस्टमध्यें सूर्यावर प्रचंड उद्रेक होऊन अवकाशांत प्रोटॉनकणांचा वर्षाव झाला. त्या समयीं कोणी केवळ अंतराळपोशाखांत चंद्रावर वावरत असता, तर त्याला गंभीर आजार जडण्याची भीति होती. अनर्थ टळला तो निव्वळ योगायोगानें.

योगायोगाच्या भरंवशावर चार दिवसांची सफर निभावेल, वसाहत नव्हे. म्हणूनच चंद्रावर वा मंगळावर कायम राहावयाचें, तर घरांवर तेथील मातीचेच जाड थर रचावे, असें शास्त्रज्ञ सुचवितात.