सांता फे

सांता फे : अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील न्यू मेक्सिको राज्याची राजधानी. लोकसंख्या ८७,५०५ (२०२०). सांग्रे दे क्रिस्तो डोंगररांगेच्या पायथ्याशी, सुमारे २,१३० मी. उंचीवर वसलेले हे शहर त्या देशातील सर्वांत जुनी आणि सर्वांत उंचावरची राज्य-राजधानी आहे. हवा कोरडी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटासह सरी येतात. त्या ऋतूला तिथले लोकही ‘मान्सून’च म्हणतात.

तेवा या प्वेब्लो आदिवासींच्या भाषेत या जागेचे नाव ‘पांढऱ्या शिंपल्यांच्या पाण्याची जागा’ अशा अर्थाचे आहे. प्वेब्लो लोक इथे स्पॅनिशांच्या कितीतरी आधी राहत. १६१० मध्ये गव्हर्नर पेद्रो दे पेराल्ता याने मधला चौक, म्हणजे प्लाझा, आखून शहर वसवले. सक्तीचे धर्मांतर, वेठबिगार आणि दुष्काळ यांनी गांजलेल्या प्वेब्लोंनी ऑगस्ट १६८० मध्ये, शिवाजी महाराज गेले त्याच वर्षी, पोपे यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला. धावपटूंनी गावोगाव गाठी मारलेले दोर पोहोचवले. रोज एक गाठ सोडायची आणि शेवटची सुटली की उठायचे, असा संकेत होता. शहराला वेढा पडला, पाणी तोडले गेले आणि स्पॅनिश लोक दक्षिणेला एल पासोकडे निघून गेले. पुढली बारा वर्षे सांता फे प्वेब्लोंचे होते. १६९२ मध्ये गव्हर्नर दिएगो दे व्हार्गास याच्यासह स्पॅनिश परतले. त्या पुनरागमनाच्या स्मरणार्थ १७१२ पासून फिएस्ता साजरी होते. तीत त्याच्या शांततापूर्ण प्रवेशाचा देखावा दाखवत. १६९३ मध्ये शहर ताब्यात घेताना झालेला रक्तपात मात्र गाळला जाई. प्वेब्लोंच्या निषेधानंतर २०१८ मध्ये तो देखावा बंद झाला, हे फार आधी व्हायला हवे होते. १८२१ मध्ये शहर मेक्सिकोकडे आणि १८४६ मध्ये अमेरिकेकडे गेले. १९१२ मध्ये न्यू मेक्सिको राज्य झाले.

शहराची खरी ओळख माती. गवत मिसळलेल्या चिखलाच्या, उन्हात वाळवलेल्या विटा, वर मातीचा गिलावा, धाब्याचे सपाट छत, भिंतीबाहेर डोकावणारी तुळयांची टोके आणि पावसाच्या पाण्यासाठी पन्हळी. मराठवाड्यातले माळवद पाहिलेल्याला हे घर परके वाटणार नाही. प्लाझाच्या उत्तरेचा गव्हर्नरांचा वाडा असाच मातीचा आहे. त्याच्या ओसरीत प्वेब्लो आणि नवाहो कारागीर चांदीचे व फिरोज्याचे दागिने जमिनीवर मांडून विकतात. खरेदी करायची तर तिथेच करावी, कारण करणारा समोर बसलेला असतो. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. रेल्वेचा मुख्य मार्ग १८८० मध्ये शहराला टाळून गेला आणि व्यापार ओसरला. तेव्हा १९१२ च्या नगररचनेत शहराने आपले जुने रूप जपायचे ठरवले आणि १९५७ मध्ये त्याचा कायदा केला. त्यामुळे आज दिसणाऱ्या पुष्कळशा ‘मातीच्या’ भिंती मातकट रंगाच्या सिमेंटच्या आहेत. वाड्याची ओसरीसुद्धा १९१३ ची. सान मिगेल चर्चच्या जाड भिंती मात्र अस्सल आहेत.

तीन दिवसांच्या मुक्कामाला शहर पुरेसे आहे. अल्बुकर्कीहून सुमारे १०० किमी. रेल्वेनेही येता येते. उंचीमुळे पहिल्या दिवशी दम लागतो, म्हणून प्लाझा, सेंट फ्रान्सिस कॅथीड्रल आणि कॅन्यन रोडवरची चित्रदालने एवढेच रमतगमत पाहावे. चित्रकार जॉर्जिया ओ’कीफचे संग्रहालय (१९९७) पाहून मगच आसपासच्या लाल टेकड्यांकडे जावे. त्या वेगळ्या दिसू लागतात. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी, लेबर डेच्या जोडसुट्टीपूर्वीच्या शुक्रवारी, ‘झोझोब्रा’ नावाचा अवाढव्य पुतळा जाळतात. वर्षभराची दुःखे कागदावर लिहून लोक त्याच्या पोटात भरतात. होळीच्या जवळची ही प्रथा चित्रकार विल शुस्टर याने १९२४ मध्ये सुरू केली. जेवणात मिरचीचे राज्य असते. ‘लाल की हिरवी?’ असे विचारले जाते आणि दोन्ही हव्या असल्यास ‘ख्रिसमस’ म्हणायचे. याच अमेरिका खंडातली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली.

गाडी असल्यास एक दिवस उत्तरेकडील चिमायोला द्यावा. तिथले छोटे मातीचे चर्च १८१६ चे. गुड फ्रायडेला हजारो लोक पायी येतात आणि बाजूच्या खोलीतल्या खड्ड्यातली चिमूटभर माती अंगाऱ्यासारखी घरी नेतात. खड्डा रिता होऊ नये म्हणून चर्चची माणसे जवळच्या टेकड्यांवरची माती आणून तो भरत राहतात.