घडी घातलेला कागद



रहस्यकथा म्हटलं की आपल्यातल्या मोठ्या बायकांना बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आठवतो. घरातली पुरुषमंडळी ती पुस्तकं वाचून उशाखाली ठेवायची आणि आपण दुपारी भांडी आवरली की ती हळूच काढायचो. त्या गोष्टींत चोर बाहेरून यायचा. आज आम्ही ज्या कादंबऱ्यांबद्दल बोलणार आहोत, त्यांत चोर घरातलाच असतो. तो शेजारच्या पाटावर बसून जेवतो. तिजोरीला हात लावण्याआधी तो बाईचा स्वतःवरचा विश्वास फोडतो. ‘तुला आठवत नाही’, ‘तुझ्या डोक्यात काहीतरी झालंय’, असं रोज थोडंथोडं सांगून. यांना मनाचा थरार सांगणाऱ्या कादंबऱ्या म्हणतात.

या कादंबऱ्या मूळच्या इंग्रजीतल्या. आमच्या वाचनगटातली एक जण शाळेत इंग्रजी शिकवते. ती वाचते आणि दर गुरुवारी आम्हाला मराठीतून सांगते. आम्ही शेंगा फोडत, वाती वळत ऐकतो. अशी आम्ही गेल्या पावसाळ्यात पहिली कादंबरी ऐकली. तिचं नाव ‘द वुमन इन व्हाइट’, म्हणजे पांढऱ्या कपड्यांतली बाई. लिहिणारे विल्की कॉलिन्स. 1859 च्या नोव्हेंबरपासून 1860 च्या ऑगस्टपर्यंत ती लंडनच्या एका साप्ताहिकात क्रमशः छापून आली. ते साप्ताहिक चालवायचे मोठे कादंबरीकार चार्ल्स डिकन्स. आपण मालिकेच्या पुढच्या भागाची वाट बघतो ना, तशी तिथली माणसं पुढच्या अंकाची वाट बघायची.

गोष्ट अशी. लॉरा नावाची मुलगी. आईवडील नाहीत, पण नावावर वीस हजार पौंड आहेत. तिचं लग्न एका सरदाराशी होतं. वरून मोठा सभ्य, आतून कर्जात बुडालेला. एके दिवशी तो तिच्यापुढे एक कागद ठेवतो. कागदाची घडी अशी घातलेली, की फक्त खालची सहीची जागा दिसावी. लॉरा विचारते, यात लिहिलंय काय? तो म्हणतो, सांगायला वेळ नाही, सही कर.

इथे आमची शिक्षिका थांबली, पाणी प्यायली. सगळ्या गप्प. मग आमच्यातली एक जण हळूच म्हणाली, “माझ्याकडे असा कागद आलाय.”

माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र होतं ते. राखीला येशील तेव्हा सही करून टाक, एवढाच निरोप. वाचून कोणी दाखवलं नव्हतं. तिने विचारलं तर उत्तर मिळालं, “आमच्यावर विश्वास नाही का?” मैत्रिणींनो, दीडशे वर्षांहून जुनी, सातासमुद्रापलीकडची गोष्ट, पण त्या दिवशी ती आमच्या समाजमंदिरात घडत होती.

लॉराची गोष्ट कॉलिन्सनी हवेतून आणली नव्हती. त्या काळी इंग्लंडच्या कायद्याने बाईचं लग्न झालं, की तिचा पैसाअडका नवऱ्याचा व्हायचा. तिच्यासाठी काही वेगळं राखायचं तर वकिलाकडून आधीच करारपत्र करून घ्यावं लागे. विवाहित बाईला स्वतःच्या मालमत्तेवर पुरता हक्क देणारा कायदा तिथे 1882 मध्ये झाला. दुसरी गोष्ट याहून भयंकर. दोन डॉक्टरांनी दाखला दिला, की धडधाकट बाईलाही वेडी ठरवून कोंडता येत असे.

असं खरोखर घडलं होतं. रोझिना बुल्वर लिटन ही स्वतः लेखिका. नवरा नावाजलेला कादंबरीकार आणि पुढे मंत्री झालेला. दोघं 1836 मध्ये वेगळी झाली. तिची मुलं तिच्यापासून काढून घेतली गेली. 1858 च्या जून महिन्यात नवरा निवडणुकीसाठी उभा असताना ती भर सभेत गेली आणि त्याने तिला कसं वागवलं ते लोकांपुढे बोलली. थोड्याच दिवसांत तिला वेडी ठरवून कोंडण्यात आलं. वर्तमानपत्रांत ओरड झाली म्हणून सुमारे तीन आठवड्यांनी ती सुटली. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच कॉलिन्सची कादंबरी सुरू झाली. वाचणाऱ्यांना ठाऊक होतं, की ही नुसती गोष्ट नाही.

या रोझिनाचा मुलगा आपल्यालाही ठाऊक आहे. 1876 ते 1880 या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असलेला लॉर्ड लिटन तो हाच. आपल्या दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मेली, तो 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ त्याच्याच कारकिर्दीतला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा 1878 चा कायदाही त्याचाच. ज्याची आई वर्तमानपत्रांनी ओरड केली म्हणून सुटली, त्यानेच आपल्या वर्तमानपत्रांना कुलूप लावलं. हे ऐकून आमच्यातल्या एका आजीने कपाळावर हात मारला.

लॉराचं पुढे काय होतं ते आम्ही सांगणार नाही. एवढंच सांगतो, की तिच्या बाजूने तिची सावत्र बहीण मॅरियन उभी राहते. दिसायला साधी, जवळ पैसा नाही, पण बुद्धीची तल्लख. ती रोज वहीत लिहून ठेवते: कोण आलं, काय बोललं, कधी बोललं. एका रात्री जड रेशमी झगा उतरवून ती छपरावर जाते आणि पावसात भिजत घरातल्या पुरुषांचं कारस्थान ऐकते. आम्हाला लॉरापेक्षा मॅरियन जास्त आवडली.

दुसरी गोष्ट छोटी आहे, एका बैठकीत संपते. ‘द यलो वॉलपेपर’, भिंतीवरचा पिवळा कागद. अमेरिकेच्या शार्लट पर्किन्स गिलमन यांनी लिहिलेली ही कथा 1892 मध्ये छापली गेली. बाळंतपणानंतर गिलमन स्वतः फार उदास झाल्या होत्या. एका प्रसिद्ध डॉक्टरने सांगितलं, पडून राहा, घरातच राहा आणि पुन्हा लेखणी हातात धरू नका. त्या उपचाराने त्या वेडाच्या काठापर्यंत गेल्या. कथेतली बाईही तशीच. नवरा डॉक्टर आहे, मायाळू आहे, मारत नाही, ओरडत नाही. फक्त तिचं एक शब्दही खरं मानत नाही. ऐकताना आमच्यातल्या दोघीतिघींना आपली बाळंतपणं आठवली. ‘नखरे करते’ म्हणून घालवलेले ते दिवस. आता त्याला आजार म्हणतात, त्यावर उपचार आहेत. तेव्हा नावही नव्हतं.

तिसरी ‘रिबेका’. लेखिका डॅफ्ने द्यु मॉरिए, साल 1938. बिजवराला दिलेल्या एका तरुण मुलीची ही गोष्ट. मोठ्या वाड्यात ती येते, पण तिथे राज्य चालतं मेलेल्या पहिल्या बायकोचं. तिच्या खोलीत तिचेच कपडे आणि घरकाम बघणारी बाई उठता बसता तिचंच नाव घेते. आपल्याकडे दुसरीने मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात बांधायची रीत होती. इथे सगळा वाडाच टाक होऊन बसला आहे. आणि लेखिकेची करामत बघा, सगळ्या कादंबरीत या दुसरीचं नाव एकदाही येत नाही. वहिदा रेहमानचा 1964 चा ‘कोहरा’ तुम्ही बघितला असेल, तर तो याच कादंबरीवरून घेतलेला.

त्याच 1938 साली लंडनमध्ये पॅट्रिक हॅमिल्टन यांचं एक नाटक आलं, ‘गॅस लाइट’. ही कादंबरी नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवरा घरातल्या वस्तू लपवतो आणि बायकोला म्हणतो, तूच हरवल्यास. रोज रात्री तिच्या खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो. शेतातली मोटार सुरू झाली, की घरातला बल्ब कसा मंद होतो? तसंच. वरच्या बंद मजल्यावर कोणीतरी दिवा लावतंय. पण तिला सांगितलं जातं, तुला भास होतात. यावर 1944 मध्ये निघालेल्या सिनेमात इंग्रिड बर्गमनने काम केलं आणि तिला ऑस्कर मिळालं. एखाद्याला खोटं पाडून वेडं ठरवणं, याला आज जगभर ‘गॅसलायटिंग’ म्हणतात, ते या नाटकावरून.

आता तुम्ही विचाराल, आपली कामं काय थोडी आहेत, की या भीतीच्या गोष्टी ऐकायच्या? आम्हीही हेच विचारलं होतं. पण या गोष्टी ऐकल्यावर एक कळलं. बाईला वेडी ठरवणं हा जुना डाव आहे आणि तो मोडायची रीतही जुनीच आहे. जे घडतं ते तारीख घालून लिहून ठेवायचं. जिचा आपल्यावर विश्वास आहे, अशा एका तरी बाईला सांगायचं. आणि घडी उलगडल्याशिवाय सही करायची नाही.

आमच्या त्या मैत्रिणीने तेच केलं. कागदाची प्रत मागितली. आम्ही दोघी तिच्यासोबत तालुक्याच्या विधी सेवा समितीत गेलो; तिथे बायकांना वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तिथे कळलं, की वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू घरातल्या मुलीला मुलाइतका हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने 1994 मध्ये केला. 2005 मध्ये तो देशभर आला आणि त्यात लग्न झालेल्या लेकीही आल्या. पुढे सही करायची की नाही, ते तिचं तिने ठरवलं. ते आम्ही इथे सांगणार नाही. पण तिने ते वाचून ठरवलं.

तुमच्या गटात इंग्रजी वाचणारी एखादी सून, लेक असेल, तर तिला सांगा. आधी ‘पिवळा कागद’ घ्या, मग लॉरा, मग ‘रिबेका’. एक अट मात्र आमची आहे. शेवट आधी कोणी फोडायचा नाही.

पुन्हा भेटू. नमस्कार.