कामांतील सुखाचें माप

सुख म्हणजे काय, यावर तत्त्वज्ञांचें एकमत नाहीं. तथापि तें मोजण्याचा खटाटोप थांबला नाहीं. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यांत १९२४ सालीं प्रयोग सुरू झाले, तेव्हां प्रथम मोजलें तें उत्पादन. पुढें २०१० च्या सुमारास एड डीनर प्रभृति मानसशास्त्रज्ञांनीं बऱ्यावाईट भावना किती वेळां अनुभवास येतात, हें विचारणारी बारा कलमांची मोजपट्टी सिद्ध केली. उणे २४ हें तिचें एक टोक, अधिक २४ हें दुसरें. २०१७ सालीं ग्राझिओटिन व त्यांचे सहकारी यांनीं १३१८ सॉफ्टवेअरकारांचीं उत्तरें प्रसिद्ध केलीं. सरासरी ९.०५, म्हणजे ही मंडळी एकंदरींत सुखीच! पण असमाधानाचीं कारणें विचारतां अग्रभागीं आलीं तीं न सुटणारें कोडें, वेळेचा तगादा आणि गचाळ कोड. सुख किती, हें आंकडा सांगतो. तें कशानें हरपतें, हें मात्र कारागिराच्या तोंडूनच ऐकावें लागतें.