‘नाही’ म्हणायचं तर कारण लिहून द्या

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला, हे आपण मागे पाहिलं. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर मालकाने पैसे द्यायचे. जखमी माणूस दारूच्या अंमलाखाली असेल, सुरक्षेचा नियम त्याने मुद्दाम मोडला असेल, तर मालकाला नाकारता येत असे. नुसती बेपर्वाई हे मात्र कारण नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण खरं सांगायचं तर नाकारायची गरजच कुठे होती? गप्प बसलं की झालं! समजा, गिरणीत पट्ट्यात सापडून माणूस गेला. बायको रत्नागिरीकडच्या गावात. तिला कायदा कोण सांगणार? तिने मागायचंच नाही, मग मालकाने ‘नाही’ तरी कशाला म्हणायचं?

१९३१ साली शाही मजूर आयोगाचा अहवाल आला. आपले ना. म. जोशी त्या आयोगावर होते. त्यापाठोपाठ, १९३३ साली, कायद्यात १०-अ हे कलम आलं. मला हे कलम फार आवडतं. कामगार अपघाताने दगावल्याची खबर लागली की आयुक्ताने मालकाला रजिस्टर टपालाने नोटीस पाठवायची. मालकाने ३० दिवसांत लेखी कळवायचं : अपघात कसा झाला, आणि आपण देणं लागतो की नाही. नाही म्हणत असाल तर कोणत्या कारणाने, तेही लिहा. आणि गंमत पुढेच आहे. असा नकार आला की चौकशी करून आयुक्त मृताच्या वारसांना कळवू शकत असे, की तुम्हाला दावा लावता येतो. म्हणजे मालकाच्या नकाराच्या कागदावरूनच त्या बाईपर्यंत कायदा पोचायची सोय झाली.

हे झालं मृत्यूचं. पुढे १९५९ साली ४-अ कलम आलं. वाद असला तरी जेवढं मान्य आहे तेवढं तरी मालकाने आधी द्यायचं, आणि उशीर केला तर व्याज व दंड.

६ जुलै १९६८. एक सुतार एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना पडला. डावा हात कापावा लागला. मालकाचं म्हणणं काय? हा आमचा नोकर नाही, कंत्राटदार आहे. आणि पडला तो स्वतःच्या चुकीने. चुकीचा मुद्दा १९२३ पासूनच बाद होता, तरी तोच पुढे केला! आयुक्ताने सांगितलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा कमाईची ताकद शंभर टक्के गेली. भरपाई ९,८०० रुपये, वर ५० टक्के दंड, ६ टक्के व्याज.

मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने त्याच्या सबबी खोट्या ठरवल्या, आणि हेही सांगितलं, की पैसे देणं लागतं ते आयुक्ताच्या निकालाच्या दिवसापासून नव्हे, अपघात झाला त्याच दिवसापासून.