हंटरवालीचा मुखवटा

असामान्य पराक्रम करणाऱ्या वीराला सामान्य माणसाचें दुसरें रूप असावेंच लागतें काय? हा प्रश्न बहुधा अमेरिकेंतील चित्रकथांविषयीं विचारण्यांत येतो. जून १९३८ मध्यें तेथें सुपरमॅन अवतरला, तो क्लार्क केंट या भिडस्त बातमीदाराला बरोबर घेऊनच. परंतु त्याच्या तीन वर्षें आधीं, १९३५ सालीं, मुंबईच्या परळ भागांत तयार झालेल्या एका बोलपटानें हाच प्रश्न प्रेक्षकांपुढें मांडला होता. तो बोलपट म्हणजे 'हंटरवाली'.

परळ-लालबागच्या गिरण्यांच्या परिसरांत लवजी कॅसल नांवाचा वाडियांचा जुना वाडा होता. मुंबईच्या गोदींत जहाजें बांधणाऱ्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या वंशांतील जमशेद व होमी या बंधूंनीं १९३३ सालीं वाडिया मूव्हीटोन ही संस्था काढली व या वाड्यांत तिचा स्टुडिओ थाटला. थोरले जमशेद हे डग्लस फेअरबँक्स याच्या साहसपटांचे मोठे भोक्ते. फेअरबँक्सनें १९२० सालच्या 'दि मार्क ऑफ झोरो' या मूकपटांत दिवसा नाजूक, आळसट उमराव आणि एरवीं मुखवटा घातलेला गरिबांचा कैवारी, अशी दुहेरी भूमिका केली होती. होमी वाडियांनीं दिग्दर्शित केलेल्या 'हंटरवाली'त हीच युक्ति दिसते. मात्र येथें मुखवट्याआड पुरुष नसून स्त्री आहे. दुष्ट वजीर राणामल राजाला कैद करतो व राजकन्या माधुरीशीं विवाह करूं पाहतो. तेव्हां ती मुखवटा चढविते आणि हातीं चाबूक घेऊन दुष्टांचा समाचार घेऊं लागते.

हा चित्रपट घेण्यास वितरक धजेनात. तेव्हां वाडियांनीं तो आपल्याच जबाबदारीवर ग्रँट रोडच्या सुपर सिनेमांत लावला. तो आठवडेच्या आठवडे चालला, आणि हंटरवालीच्या नांवाचे चाबूक, पट्टे व काड्यांच्या पेट्याही बाजारांत आल्या.

ही भूमिका करणारी नादिया म्हणजे मेरी इव्हान्स. तिचा जन्म १९०८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें झाला व बालपणींच ती मुंबईस आली. चित्रपटांत येण्यापूर्वीं तिनें सर्कशींतही काम केलें होतें, आणि पडद्यावरील उड्या व मारामाऱ्या ती स्वतः करी. प्रश्नाची खरी खोंच येथेंच आहे. नुसती उडी पाहावयाची तर ती सर्कशींतही दिसते. तेथें प्रेक्षक कौशल्याला टाळी देतो आणि तंबूबाहेर पडतांच तें विसरून जातो. 'हंटरवाली'तील उडी लक्षांत राहते, कारण ती मारणारी कोण हें त्याला ठाऊक असतें. तिचा बाप बंदींत आहे, आणि न्याय मागावा तर न्यायाची गादीच शत्रूच्या हातीं आहे. मुखवटा वजिराला फसवितो. प्रेक्षकाला तो क्षणभरही फसवीत नाहीं.

मराठी प्रेक्षकाला हा विचार परका नव्हता. विराटपर्वांत भीम हा बल्लव नांवाचा आचारी होतो, अर्जुन बृहन्नडा होऊन नृत्य शिकवितो आणि द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं १९०७ सालीं याच कथेवरून 'कीचकवध' हें नाटक रंगभूमीवर आणलें. त्यांतील कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हें प्रेक्षकांनीं ओळखलें, तसेंच सरकारनेंही. १९१० मध्यें नाटकावर बंदी आली. द्रौपदी महाराणी म्हणून पुढें आली असती, तर तिचें दुःख राजघराण्यापुरतेंच राहिलें असतें. ती दासीच्या वेषांत होती, म्हणून पारतंत्र्यांतील प्रेक्षकाला तें आपलें वाटलें.

तथापि मुखवटा अपरिहार्य आहे, असें यावरून ठरत नाहीं. 'हंटरवाली'नंतर एकाच वर्षानें, १९३६ मध्यें, 'मिस फ्रंटियर मेल' आला. त्यांतील नादियाची सविता ही आधुनिक तरुणी आहे, आणि धांवत्या आगगाडीच्या टपावर ती गुंडांशीं उघड उघड लढते. १९४० च्या 'डायमंड क्वीन'मधील मधुरिका तर मुंबईंत शिकून आपल्या गांवीं परतलेली आहे. दोघींनाही राजकन्या माधुरीप्रमाणें तोंड लपवावें लागत नाहीं. परंतु सविताचा बाप खुनाच्या खोट्या आळांत सांपडला आहे, आणि मधुरिकेच्या गांवांत जुलूम माजला आहे. म्हणजे मुखवटा गेला, तरी लढण्यास कारण असलेली व्यक्ति कायम राहिली.

१९४२ सालीं लवजी कॅसलच्या जागीं व्ही. शांताराम यांचें राजकमल कलामंदिर आलें. होमी वाडियांनीं बसंत पिक्चर्स ही वेगळी संस्था काढली आणि १९४३ मध्यें 'हंटरवाली की बेटी' हा चित्रपट दिला. मेरी इव्हान्स व होमी १९६१ सालीं विवाहबद्ध झाले. जानेवारी १९९६ मध्यें मुंबईंतच तिचें निधन झालें. या साऱ्या इतिहासावरून निघणारें उत्तर सरळ आहे. वीराला नांवें दोन असोत वा एक, तो कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी मुलगी, कोणाचा तरी शेजारी असला पाहिजे. चाबूक कोणाच्याही हातीं देतां येतो; तो कां उगारला, हें सांगावयास मात्र माणूसच लागतो.